ड्रॉ ‘लावलेला’ असतो का? एकेरीचा तक्ता, चिठ्ठ्या आणि एक राहून गेलेली सही

तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून आधी मला तो जसा समजला तसा मांडतो. २०२३ च्या जानेवारीत तुम्ही मुलाला घेऊन बालेवाडीला महाराष्ट्र ओपन ही टेनिस स्पर्धा बघायला गेला होतात. तिथे तुम्हाला दोन गोष्टी खटकल्या. अग्रमानांकित, म्हणजे क्रमवारीने सर्वांत वरचा, मारिन चिलिच पहिली फेरी न खेळताच दुसऱ्या फेरीत, तर आपल्या पुण्याच्या पंधरा वर्षांच्या मानस धामणेला मात्र पहिल्याच दिवसापासून मोठ्या माणसांशी झुंजावं लागलं. मग चिलिचने उपांत्यपूर्व फेरीआधी माघार घेतली, टॅलन ग्रीक्सपूरला पुढे चाल मिळाली आणि पुढे तोच विजेता ठरला. तिसरी गोष्ट, त्यानंतर एका चॅलेंजर, म्हणजे दुय्यम पातळीच्या, स्पर्धेत तुम्ही पाहिलं की, मुख्य फेरीआधीच्या पात्रता फेरीत तुमच्या डोळ्यांदेखत हरलेला एक परदेशी खेळाडू दुसऱ्या दिवशी मुख्य फेरीत खेळतोय. चौथी गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत. तुमचा मुलगा एका पंधरा हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरला, तुम्ही त्याच संध्याकाळी घरी परतलात आणि दोन दिवसांनी कळलं की क्रमवारीत त्याच्या खाली असलेल्या मुलाला मुख्य फेरीत घेतलं. ‘आम्हाला साधा फोनसुद्धा केला नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून तुमचा निष्कर्ष असा की ड्रॉ, म्हणजे कुणाचा सामना कुणाशी हा तक्ता, टेबलावर बसून लावतात, आणि अशा खेळात पोराला कशाला घालायचं.

खरं दुखणं चौथ्या गोष्टीत आहे, बाकीच्या तीन तिच्यामुळे आठवल्या, असं मला वाटतं. पण चौथीचं उत्तर पहिल्या तिघींमधून जातं, त्यामुळे थोडा धीर धरा.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की वीसेक वर्षं मी टेनिस स्पर्धांच्या रेफ्रीच्या, म्हणजे स्पर्धेचे नियम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खोलीत काढली. सुरुवात लाइनवर उभं राहण्यापासून झाली, पुढे जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धांचा रेफ्री झालो आणि मोठ्या स्पर्धांत रेफ्रीच्या हाताखाली कागदपत्रं सांभाळली. एटीपी या पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेच्या स्पर्धेचा सुपरवायझर, म्हणजे तिथला सर्वांत वरचा अधिकारी, मी कधीच नव्हतो. नियमपुस्तक दरवर्षी थोडंफार बदलतं, त्यामुळे खालचे बारकावे प्रत्यक्ष स्पर्धेच्या वेळी तपासून घ्या. त्यामागचा विचार मात्र फारसा बदललेला नाही.

तो विचार असा, की एकेरीच्या ड्रॉमध्ये काही गोष्टी कमावलेल्या असतात आणि काही नशिबावर सोडलेल्या असतात. नशिबाची जागा कुठे असावी हे मुद्दाम ठरवलेलं असतं. पुढे काय होणार हे आधी कळल्याने कुणाचा फायदा होऊ शकतो, तिथे तिथे चिठ्ठी ठेवलेली आहे. तुम्हाला चिठ्ठी दिसली की वशिल्याचा वास येतो. मी मात्र जिथे चिठ्ठी नाही तिथे नीट बघतो.

आता चिलिच आणि धामणे. महाराष्ट्र ओपन ही एटीपी २५० दर्जाची (विजेत्याला क्रमवारीचे २५० गुण) स्पर्धा होती, एकेरीत २८ जणांची. तक्ता मात्र ३२ ओळींचाच आखावा लागतो, कारण दर फेरीत निम्मे बाद होत होत शेवटी दोघे उरायला हवेत. म्हणजे चार ओळी रिकाम्या राहतात. या चार रिकाम्या ओळी पहिल्या चार मानांकितांच्या शेजारी ठेवतात. हीच ती ‘बाय’. ती चिठ्ठीने मिळत नाही, गेल्या ५२ आठवड्यांत जगभर फिरून मिळवलेल्या गुणांवर मिळते. बाय मिळालेला खेळाडू आपला पहिलाच सामना हरला, तर त्याला क्रमवारीचे गुण पहिल्या फेरीत हरल्याचेच मिळतात. २५० च्या स्पर्धेत ते शून्य असतात. म्हणजे फुकटची फेरी मिळते, पण फुकटचे गुण मिळत नाहीत.

पहिला मानांकित पहिल्या ओळीत, दुसरा बत्तिसाव्या. इथे चिठ्ठी नाही. तिसऱ्या-चौथ्यासाठी पहिली चिठ्ठी निघते, त्यातला एक नवव्या ओळीत जातो आणि दुसरा चोविसाव्या. पाचवा ते आठवा या चौघांसाठी ८, १६, १७ आणि २५ या ओळी ठेवलेल्या असतात, त्यातली कुणाला कोणती ते पुन्हा चिठ्ठीने ठरतं. उरलेले वीस जण, म्हणजे क्रमवारीवर थेट आलेले, आयोजकांनी आपल्या मर्जीने घेतलेले वाइल्ड कार्डवाले आणि अजून नावं न ठरलेले पात्रतावीर, सगळे एकाच पिशवीत जातात आणि वरून खाली एकेक ओळ भरत जाते.

हा तक्ता एकदा कागदावर काढून बघा, एक गंमत दिसेल. चार-चार ओळींचे आठ गट पडतात आणि प्रत्येक गटात नेमका एक मानांकित असतो. म्हणजे बिगरमानांकित खेळाडू कुठेही पडला तरी पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीत त्याच्या वाटेवर एक मानांकित उभा असतोच, कुणी आधीच हरवला असेल तर गोष्ट वेगळी. वीसपैकी चौघांना तो पहिल्याच फेरीत भेटतो, म्हणजे पाचात एक. बाकी सोळा जण पहिल्या फेरीत आपल्यासारख्याच कुणाशी तरी खेळतात. धामणेचंही तसंच झालं. समोर आला अमेरिकेचा मायकेल ममोह, मानांकित नव्हे. मानस २-६, ४-६ असा हरला. पंधराव्या वर्षी हा स्कोअर वाईट नाही हे वेगळं सांगायला नको. त्याला बळीचा बकरा करायचा म्हणून कुणी जोडी जुळवली असती, तर ममोहपेक्षा सोयीची नावं त्या पिशवीत होती. या ममोहचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

ड्रॉ काढताना प्रत्यक्ष काय होतं, हे बहुतेक पालकांनी कधी बघितलेलं नसतं. मोठ्या स्पर्धेत तो सर्वांसमोर काढतात, खेळाडू हजर असतात, बऱ्याचदा चिठ्ठी काढणारा हातही एखाद्या खेळाडूचाच असतो. आमच्या जिल्हा पातळीवर पूर्वी जिमखान्यातल्या हौजीच्या सोंगट्या असायच्या. दुपारी बायकांची हौजी झाली की डबा आमच्याकडे. एका स्पर्धेत शेवटची ओळ भरायची वेळ आली आणि पिशवी रिकामी. सोंगटी एक कमी! एका वाइल्ड कार्डवाल्या मुलाचा आकडा पिशवीत टाकायचा राहिला होता आणि ती चूक माझीच होती. उरलेल्या ओळीत त्या मुलाला टाकलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं, सगळ्यांना घरी जायची घाई होती. पण मग त्या मुलाची जागा चिठ्ठीने नाही, माझ्या विसरभोळेपणाने ठरली असती. अख्खा ड्रॉ फाडला आणि पुन्हा काढला. नव्या ड्रॉमध्ये एका पोराला अग्रमानांकित समोर आला आणि त्याचे वडील मला पुढची दोन वर्षं ‘ड्रॉ फाडणारे’ म्हणायचे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही म्हटलं असतं.

मोठ्यांसाठी ड्रॉ लावतात असं मानलं, तर पुण्याचे निकाल उलटंच सांगतात. बालेवाडीला ही स्पर्धा पाच वेळा झाली. २०१८ ला झील सिमाँ, २०१९ ला केविन अँडरसन, २०२० ला यिरी वेसेली, २०२२ ला जुआंव सोझा आणि २०२३ ला ग्रीक्सपूर जिंकले. यातला अग्रमानांकित एकटा अँडरसन, आणि त्यालाही अंतिम फेरीत चाळिशीला टेकलेल्या इवो कार्लोविचने तिन्ही सेट टायब्रेकरपर्यंत खेचलं होतं. उरलेल्या चौघांना मानांकनच नव्हतं. बायच्या जोरावर कुणी कप उचलला असं म्हणायला पाचपैकी एकच वर्ष उरतं.

मग बाय हवीच कशाला? तर शेवटच्या दिवशी पाय शिल्लक असावेत म्हणून. पुण्याआधी हीच स्पर्धा चेन्नईत व्हायची. तिथला २००८ चा उपांत्य सामना जुन्या प्रेक्षकांना अजून आठवतो. नदाल विरुद्ध कार्लोस मोया, तीनही सेट टायब्रेकर, जवळपास चार तास. नदाल जिंकला आणि दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत मिखाइल यूझ्नीकडून ०-६, १-६ असा हरला. ड्रॉचे दोन्ही भाग कागदावर सारखेच होते, पण कोर्टवर किती तास घालवावे लागतील हे कुठलाही तक्ता सांगत नाही. एक फेरी कमी खेळायला मिळणं याची किंमत अशा वेळी कळते.

दुसरा आक्षेप, पुढे चाल, म्हणजे समोरचा न आल्याने न खेळता पुढे जाणं. चिलिचचा गुडघा दुखावला, त्याने माघार घेतली, ग्रीक्सपूर न खेळता उपांत्य फेरीत गेला. इथे तुमची तक्रार मला अर्धी मान्य आहे. स्पर्धा सुरू होऊन खेळाडू एकदा पुढच्या फेरीत गेला की त्याच्या जागी दुसरा कुणी आणता येत नाही, आणायचा तरी कुठून? आधीच्या फेरीत त्याच्याकडून हरलेल्याला परत बोलावलं तर हरण्याला अर्थच उरत नाही. म्हणून समोरचा सरळ पुढे जातो, त्याला त्या फेरीचे गुणही मिळतात. हे नशीबच आहे, कमावलेलं नाही. पण उपांत्य आणि अंतिम असे दोन सामने ग्रीक्सपूरला जिंकावेच लागले आणि बेंजामिन बोंझीविरुद्धच्या अंतिम फेरीत पहिला सेट गमावल्यावर त्याने ४-६, ७-५, ६-३ असा सामना काढला.

पुढे चाल आपल्या माणसाच्या वाट्याला आली की ती आपल्याला खटकत नाही, हेही प्रामाणिकपणे कबूल करूया. चेन्नईत २००९ ला सोमदेव देववर्मन वाइल्ड कार्डवर खेळला, मोया आणि कार्लोविचला हरवून उपांत्य फेरीत गेला आणि तिथे रायनर श्यूटलरने दुखापतीमुळे माघार घेतल्याने न खेळता अंतिम फेरीत पोचला. तेव्हा आम्ही सगळे नाचलो होतो. अंतिम फेरीत त्याला हरवणारा कोण होता ठाऊक आहे? हाच चिलिच, तेव्हा विशीतला.

आता तिसरा आणि चौथा मुद्दा एकत्रच घेतो, कारण दोन्हींचं नाव एकच, लकी लूझर.

मुख्य ड्रॉमध्ये नाव असलेला एखादा खेळाडू आपला पहिला सामना खेळण्याआधीच बाहेर पडतो. आजारी पडला, पाठ धरली, विमान चुकलं, काहीही. त्याची ओळ रिकामी ठेवली तर समोरच्याला फुकटची फेरी मिळते आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला सामना मिळत नाही. हे पात्रता फेरी सुरू होण्याआधी झालं, तर प्रवेश यादीतला पुढचा माणूस आत येतो. पात्रता सुरू झाल्यानंतर झालं, तर पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांमधून एकाला घेतात. तुम्ही पाहिलेला तो परदेशी खेळाडू असाच आला असणार. त्याने कुणाची जागा हिसकावली नाही, कुणीतरी सोडलेली जागा भरली.

ही मोठ्या घरची पद्धत आहे असंही नाही. सुमित नागल २०२४ मध्ये इंडियन वेल्सला पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरला होता. मग राफाएल नदालने माघार घेतली आणि त्या ओळीत नागल आला. समोर मिलोश राओनिच. तो हरला, पण जागा मिळाली ती नदालची! आणि तो ममोह, बालेवाडीला मानसशी खेळलेला? त्यानंतर दोन आठवड्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तो पात्रतेत हरला, डेव्हिड गॉफँच्या जागी लकी लूझर म्हणून आत आला आणि दुसऱ्या फेरीत अलेक्झांडर झ्वेरेवला हरवून बसला. आंद्रे रुबलेव्हने तर २०१७ ला उमागला लकी लूझर म्हणून येऊन आख्खी स्पर्धा जिंकली, त्याचं ते पहिलंच एटीपी विजेतेपद होतं.

मग हरलेल्यांपैकी नेमकं कुणाला घ्यायचं? साधं उत्तर वाटतं की क्रमवारीत जो सर्वांत वर असेल तो. पूर्वी बराच काळ असंच होतं, आणि त्यातच गोम होती. समजा पात्रतेच्या शेवटच्या फेरीच्या आदल्या रात्री सगळ्यांना कळलं की मुख्य फेरीतला एक जण उद्या माघार घेणार आहे. पात्रतेत क्रमवारीने वरचा जो आहे त्याला आता जिंकायची गरजच नाही, हरला तरी तो आतच! पायाला थोडं दुखत असेल तर तो जोर कशाला लावेल? त्याहून वाईट म्हणजे, समोरच्याकडून काही घेऊन सामना सोडला तर? म्हणून आता वरच्या काही जणांच्या क्रमात चिठ्ठी टाकतात. ग्रँड स्लॅमला, म्हणजे विम्बल्डनसारख्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत, वरच्या चौघांची टाकतात. कोण आधी येणार हे सामना संपेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे प्रत्येकाला जिंकण्यासाठीच खेळावं लागतं. पात्रतावीरांच्या ओळीही पात्रता संपल्यावर वेगळ्या चिठ्ठीने ठरवतात, त्याचं कारण हेच. ‘जिंकलो तर उद्या अग्रमानांकित, त्यापेक्षा हरलेलं बरं,’ असा हिशोब कुणाच्या डोक्यात यायला नको.

तुमच्या मुलापेक्षा खालच्या क्रमांकाचा मुलगा आत जाण्याचं एक कारण ही चिठ्ठी असू शकतं. पण तुम्ही लिहिलेल्या त्या एका वाक्यावरून मला दुसरं कारण जास्त संभवतं. तुम्ही त्याच संध्याकाळी घरी परतलात.

लकी लूझर होण्यासाठी पात्रतेत हरणं पुरेसं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेफ्रीच्या खोलीत एक कागद असतो आणि त्यावर सही करावी लागते. एटीपी स्पर्धांत त्या दिवसाचा पहिला सामना सुरू होण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत ती सही व्हावी लागते, खालच्या पातळीवरही वेळ साधारण अशीच ठेवतात. पहिल्या फेरीचे सामने दोन दिवस चालले तर दोन्ही दिवस वेगवेगळी सही. सही न केलेला खेळाडू त्या दिवशी यादीतच नसतो, मग क्रमवारी काहीही असो. सही करून घरी गेलात तरी उपयोग नाही, कारण नाव पुकारल्यावर काही मिनिटांत खेळायला तयार असावं लागतं.

फोन का केला नाही? कारण रेफ्रीने फोन करायचा नसतो. हे निष्ठुर वाटेल, मलाही सुरुवातीला वाटायचं. पण विचार करा, मी एकाला फोन केला आणि दुसऱ्याचा लागला नाही, तर? ज्याचे वडील माझ्या ओळखीचे त्याला आधी लावला, तर? सहीच्या कागदावर ओळख चालत नाही. आठच्या आत ज्याची सही तो आहे, नाही त्याची नाही. आमच्याकडे एकदा एक मुलगा आठ वाजून सहा मिनिटांनी धावत आला, सोबत आई होती, रिक्षा बंद पडली म्हणाली. मी सही घेतली नाही. त्या दिवशी एक जागा रिकामी झालीही. ती बाई काहीच बोलली नाही, बाकावर बसून राहिली. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पण सव्वासातपासून येऊन बसलेला दुसरा मुलगा त्या दिवशी खेळला, आणि सहा मिनिटं चालतात म्हटलं तर मग दहा का नाहीत, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्या स्पर्धेत नेमकं काय घडलं हे मी इथे बसून खात्रीने सांगू शकत नाही. मुलाने सही केली होती आणि तरीही त्याला डावललं, असं असेल तर ती गंभीर गोष्ट आहे, सुपरवायझरकडे लेखी विचारा, सहीचा कागद असतोच. सही केली नसेल तर मात्र अन्याय झालेला नाही, माहिती कमी पडली. ती तुम्हाला कुणी द्यायला हवी होती, त्याच्या प्रशिक्षकाने तर नक्कीच.

आता जिथे चिठ्ठी नाही त्या जागेबद्दल. वाइल्ड कार्ड. २५० च्या स्पर्धेत मुख्य ड्रॉसाठी अशी तीन कार्डं आयोजकांच्या हातात असतात. ती कुणाला द्यायची यासाठी पिशवी नाही, क्रमवारीचं बंधन नाही, आयोजक ठरवतील तो. इथे शहराचा मुलगा, तिकिटं खपवणारं नाव, प्रायोजकाची इच्छा, संघटनेतली जवळीक, सगळं येऊ शकतं आणि जगभर येतं. २००१ ला विम्बल्डनने क्रमवारीत सव्वाशेव्या स्थानावर घसरलेल्या गोरान इवानिसेविचला कार्ड दिलं आणि तो थेट विजेता झाला, तेव्हा त्या निर्णयाचं सगळ्यांनी कौतुक केलं. तो पहिल्या फेरीत हरला असता तर? जुन्या नावाची भीड म्हणून लोक हसले असते. मानस धामणेला मिळालेलं कार्ड माझ्या मते अगदी योग्य होतं. एवढ्या पातळीचा पंधरा वर्षांचा मुलगा त्याच शहरातला आहे आणि स्पर्धा पण त्याच शहरात आहे, मग ते कार्ड आणखी कशासाठी असतं? पण खाली, छोट्या स्पर्धांत, मला न पटलेली कार्डं मी पाहिली आहेत. वशिला शोधायचाच असेल तर तिथे शोधा. पिशवीत सापडणार नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण मुलगा पुढे जाणार असेल तर ती लागेल. प्रवेश यादी आणि मानांकन वेगवेगळ्या दिवसांच्या क्रमवारीवर ठरतात. एटीपी स्पर्धांची यादी साधारण चार आठवडे आधी बंद होते, मानांकन मात्र स्पर्धेच्या तोंडावरच्या ताज्या क्रमवारीवर. त्यामुळे मधल्या महिन्यात झपाट्याने वर आलेला खेळाडू थेट प्रवेश न मिळता पात्रतेत अडकलेला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, एवढा चांगला खेळाडू इथे कसा? याच्या उलट, दीर्घ दुखापतीनंतर परतलेल्याला जुन्या, राखून ठेवलेल्या क्रमवारीवर प्रवेश मिळतो, पण मानांकन मिळत नाही. म्हणून कधी कधी पहिल्याच फेरीत दोन मोठी नावं एकमेकांसमोर येतात आणि लोक म्हणतात, बघा, सामना लावला.

पात्रतेतून येणं म्हणजे मागच्या दाराने येणं, असं मुलाच्या डोक्यात भरू देऊ नका. थेट प्रवेश मिळून पहिल्या फेरीत हरणाऱ्याला २५० च्या स्पर्धेत शून्य गुण, पात्रतेतून येऊन पहिल्या फेरीत हरणाऱ्याला मात्र पात्रतेचे तेरा मिळतात. आणि बालेवाडीचंच उदाहरण घ्या. २०२४ च्या फेब्रुवारीत इथलं चॅलेंजर मोनॅकोचा वालंतँ वाशरो जिंकला, तेव्हा ते नाव स्टँडमधल्या किती जणांच्या लक्षात राहिलं असेल? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तो शांघायला गेला तेव्हा क्रमवारीत २०४ होता आणि पात्रता फेरीच्याही प्रतीक्षा यादीत होता. वरचे काही जण गळाले, तो पात्रतेत आला, तिथून मुख्य फेरीत, उपांत्य फेरीत जोकोविचला हरवलं आणि अंतिम फेरीत नात्यातल्याच भावाला, आर्त्यूर रिंदरनेशला. एवढ्या खालच्या क्रमांकाने मास्टर्स १०००, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या दर्जाची स्पर्धा, आजवर कुणी जिंकलं नव्हतं. प्रतीक्षा यादीत नाव आहे म्हणून तो घरी बसला असता तर ती जागा पुढच्याला गेली असती.

तेव्हा पुढच्या वेळी असं करा. मुलगा पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरला तर त्याला रागवायचं, समजवायचं, जे काय करायचं ते रात्री जेवताना करा, पण हॉटेल सोडू नका. त्याच दिवशी रेफ्रीला विचारून घ्या की उद्याची सही किती वाजेपर्यंत. सकाळी अर्धा तास आधीच जा. सही त्याची त्याने करायची, तुम्ही नाही. मग रॅकेटची तार ताणलेली, बूट पायात, पोटात हलकं काहीतरी, आणि पहिल्या फेरीचा शेवटचा सामना सुरू होईपर्यंत कोर्टच्या आसपासच थांबा. बहुतेक वेळा काहीच होणार नाही आणि दुपारी तुम्ही गाडीत बसाल. पुस्तक सोबत ठेवा.